न बुडवलेल्या जहाजांचा हिशेब

आयएनएस म्हैसूर ही विनाशिका १९९९ साली नौदलात आली. त्याला पाव शतक उलटून गेलं. एवढ्या काळात तिनं शत्रूचं एकही जहाज बुडवलेलं नाही. माझ्या मते तिच्या कारकिर्दीतली ही सगळ्यांत मोलाची नोंद आहे, आणि ती नोंद वाचायला आपण शिकलो नाही तर ते आपल्याला महागात पडेल. आजचा लेख एवढ्याच मुद्द्यावर आहे.

तुम्ही म्हणाल, हा पायदळातला माणूस जहाजांवर का बोलतोय? प्रश्न रास्त आहे. आमच्या नकाशावर निळा रंग दिसला की आम्ही त्याला ‘पाण्याचा अडथळा’ म्हणतो आणि तो ओलांडायचा कसा ते बघतो. त्या पाण्यावर महिनोन्महिने राहायचं, ही कल्पना आमच्या डोक्यात येतच नाही. पण मी खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून आलेला. तिथे तीन वर्षं तिन्ही दलांचे कॅडेट एकाच स्क्वाड्रनमध्ये राहतात, एकाच मेसमध्ये जेवतात आणि रगडाही एकत्रच खातात. माझ्याबरोबर चिखलात लोळलेल्यांपैकी काहीजण पुढे पांढऱ्या कपड्यांत गेले. त्यांची नोकरी मी इतकी वर्षं जवळून बघत आलोय. इथे जे लिहितो आहे ते सगळं उघड माहितीतलं आहे. मतं मात्र माझी स्वतःची.

सध्या पोस्टिंग बंगळूरला. सरकारी क्वार्टर मिळेपर्यंत चामराजपेटेत भाड्यानं राहतोय. छावणीच्या बाहेर राहण्याचा एक फायदा म्हणजे लोक तुमच्याशी मोकळेपणानं बोलतात. ही १८९२ साली वसवलेली जुनी वस्ती. सरळ आखलेले ‘मेन’, त्यांना छेदणारे ‘क्रॉस’, जुनी झाडं, कन्नड साहित्य परिषदेची इमारत, आणि अधूनमधून अशी मराठी घरं, ज्यांना आपले पूर्वज इकडे कधी आले ते नीट सांगता येत नाही. आमचे घरमालक काका त्यांतलेच. त्यांची मराठी कन्नडच्या चालीवर चालते. २०२५ च्या मे महिन्यात, ऑपरेशन सिंदूर थांबल्यावर चारसहा दिवसांनी त्यांनी मला जिन्यात गाठलं. “साहेब, आर्मीनं केलं, एअरफोर्सनं केलं, टीव्हीवर सगळं दाखवलं की. नेव्हीनं काय केलं हो? ते बसूनच होते म्हणा की!”

काकांना दोष देत नाही. हाच प्रश्न त्या दिवसांत मला पुण्यातून, साताऱ्यातून, आमच्या नात्यातल्या एका शाळकरी मुलाकडूनही आला. नौदलानं तेव्हा जाहीरपणे सांगितलं होतं की विमानवाहू नौकेचा ताफा उत्तर अरबी समुद्रात पुढे नेलेला आहे, आणि हुकूम आला तर समुद्रावर आणि जमिनीवर, अगदी कराचीपर्यंत मारा करायची तयारी आहे. हुकूम आला नाही. जहाजं परतली. लोकांच्या हिशेबात ‘काही झालं नाही’.

या हिशेबातच गडबड आहे, आणि ती समजायला म्हैसूरसारखं दुसरं उदाहरण नाही. तिचं आणि या वस्तीचं एक नातंही आहे. चामराजपेटेला नाव मिळालं म्हैसूरच्या चामराजेंद्र वडियारांचं. त्या घराण्याचं चिन्ह गंडभेरुंड, दोन डोक्यांचा पक्षी. आज तो कर्नाटकाच्या राजमुद्रेवर आहे. इथे सरकारी कागद हातात आला की पहिली भेट त्याचीच. तोच गंडभेरुंड आयएनएस म्हैसूरच्या बोधचिन्हावरही आहे, आणि खाली कधीही न भिणाऱ्याचं वर्णन करणारं संस्कृत ब्रीद. पठारावरचा हा पक्षी समुद्रात जाऊन आला आहे, एकदा नव्हे, दोन वेगवेगळ्या जहाजांवरून.

पहिली म्हैसूर ही क्रूझर होती. तिचा जन्म इंग्लंडमधला. टाइन नदीकाठच्या गोदीत बांधलेलं ते जहाज १९४० मध्ये ‘एचएमएस नायजेरिया’ या नावानं ब्रिटिश नौदलात आलं. त्या नावाखाली त्यानं खरोखर युद्ध पाहिलं. १९४१ च्या जूनमध्ये ‘लाउएनबुर्ग’ हे हवामानाची माहिती पाठवणारं जर्मन जहाज पकडणाऱ्या तुकडीत ते होतं. त्या जहाजावरचे सांकेतिक कागद ब्रिटिशांच्या हाती लागले आणि जर्मन संदेश फोडायला उपयोगी पडले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात नॉर्वेच्या समुद्रात ‘ब्रेम्सं’ हे जर्मन जहाज बुडवलं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये माल्टाला रसद पोचवताना इटालियन पाणबुडीचा टॉर्पेडो बसला, तरी ते तरंगत माघारी आलं.

१९५४ मध्ये भारतानं ते विकत घेतलं, आणि डागडुजी होऊन १९५७ च्या ऑगस्टमध्ये ते ‘आयएनएस म्हैसूर’ झालं. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्तीच्या वेळी कारवारजवळच्या अंजदीव बेटावर आपले नौसैनिक उतरले, तेव्हा मोहिमेत म्हैसूर आणि त्रिशूल ही जहाजं होती. तिथे आपले सात जण कामी आले. १९७१ च्या युद्धात ती पश्चिम ताफ्याचं ध्वजजहाज होती. १९८५ मध्ये ती निवृत्त झाली.

आता गंमत बघा. १९७१ चं नाव काढलं की आपल्याला आठवतात कराचीवर चालून गेलेल्या निपात, निर्घात आणि वीर या छोट्या क्षेपणास्त्र नौका. बरोबरच आहे, त्यांचा पराक्रम तेवढा मोठा होता. आपला नौदल दिनही त्याच हल्ल्याच्या तारखेला, ४ डिसेंबरला असतो. पण ताफ्याचं ध्वजजहाज कोणतं होतं हे दहा जणांना विचारा. एकालाही सांगता येणार नाही. ज्यानं बुडवलं तो लक्षात राहतो. जो अख्खा ताफा घेऊन समुद्रात उभा होता, तो विसरला जातो.

बुडवणं म्हणजे काय असतं, तेही एकदा सांगायला हवं, कारण आकडे मागणाऱ्यांना हे आकडे सहसा ठाऊक नसतात. कराचीसमोर निर्घातच्या क्षेपणास्त्रांनी ‘खैबर’ ही पाकिस्तानी विनाशिका बुडाली. तिच्यावरचे दोनशेहून अधिक लोक गेले. विशाखापट्टणमबाहेर ‘गाझी’ पाणबुडी बुडाली. आत ९३ जण होते. आपली जुनी विनाशिका ‘राजपूत’ हिनं ती बुडवली असं आपण सांगतो. पाकिस्तान म्हणतं की आतल्या आत स्फोट झाला. हा वाद पन्नास वर्षांनंतरही चालूच आहे, जणू त्या ९३ जणांचं काही करायचं शिल्लक आहे. आणि ९ डिसेंबरला दीवजवळ आपली ‘खुकरी’ गेली. काही मिनिटांत १८ अधिकारी आणि १७६ नाविक. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. जमिनीवर एखादी चौकी पडली तर तिथे परत चढता येतं, जखमी खाली आणता येतात, देह घरी पाठवता येतात. आम्ही पायदळवाले निदान एवढं करू शकतो. समुद्रात गेलेल्याच्या घरी फक्त तार जायची.

म्हणून ‘विनाशिका’ हा शब्दच मला जरा खटकतो. इंग्रजी ‘डिस्ट्रॉयर’चं हे शब्दशः भाषांतर. पण मूळ नाव होतं ‘टॉर्पेडो बोट डिस्ट्रॉयर’. १८९० च्या दशकात, म्हणजे इकडे चामराजपेटेत प्लॉट आखले जात होते त्याच सुमाराला, ब्रिटिश नौदलाला एक भीती लागली होती. लहानशा वेगवान टॉर्पेडो बोटी येऊन आपल्या अवाढव्य युद्धनौका बुडवतील. त्यांना अडवायला चपळ जहाजांची नवी जात तयार केली. थोडक्यात, मोठ्यांच्या पुढे-मागे फिरणारा अंगरक्षक. पुढे नाव लांब म्हणून छाटलं गेलं, ‘टॉर्पेडो बोट’ गळून पडलं आणि फक्त ‘नाश करणारा’ उरला. आपण भाषांतर केलं ते उरलेल्या शेपटाचं. राखण करणं हे तिचं जन्मापासूनचं काम, ते नावातून नाहीसं झालं. मग लोक तिच्याकडे विनाशाचा हिशेब मागणारच.

दुसरी म्हैसूर ही या अर्थानं खरी विनाशिका. आणि तिच्यावर आपला मराठी माणसांचा थोडा हक्क आहे, कारण ती मुंबईत, माझगाव गोदीत बांधली. दिल्ली वर्गातली तिच्यापुढची ‘दिल्ली’ आणि मागची ‘मुंबई’, तिघी तिथल्याच. १९९१ मध्ये म्हैसूरचं काम सुरू झालं, १९९३ च्या जूनमध्ये जलावतरण झालं, आणि नौदलात दाखल व्हायला उजाडला २ जून १९९९. पाण्यात उतरलेलं जहाज सहा वर्षं पुरं होत होतं. मोठं कारण म्हणजे मधल्या काळात सोव्हिएत संघ फुटला. शस्त्रं आणि इंजिनं एकाच देशाकडून घ्यायची म्हणून सगळी आखणी झालेली. आता शस्त्रं रशियाची आणि गॅस टर्बाइन युक्रेनच्या कारखान्यातली. करार नव्यानं, किमती नव्यानं, वाटाघाटी नव्यानं. आज युद्ध लढणारे ते दोन देश, आणि आपल्या विनाशिकेच्या पोटात दोघांचीही यंत्रं शेजारी-शेजारी चालतात.

जहाज मात्र तयार झालं ते भक्कम. लांबी १६३ मीटर, वजन सहा हजार टनांहून अधिक, माणसं साडेतीनशेच्या आसपास, जहाजावर मारा करणारी सोळा क्षेपणास्त्रं, पुढे १०० मिलिमीटरची तोफ, टॉर्पेडो, विमानविरोधी क्षेपणास्त्रं आणि दोन हेलिकॉप्टरं. जुन्या क्रूझरचा क्रमांक होता सी-६०, हिचा डी-६०. पक्षी तोच, ब्रीद तेच, साठही तोच. पोलाद तेवढं नवीन. पहिल्या म्हैसूरच्या वेळी एकाच पोलादाला दोन नावं मिळाली होती. आता एकाच नावाला दुसरं पोलाद मिळालं. म्हणून मी म्हणतो, सेवा जहाजाच्या सांगाड्याच्या नावावर नसते. ती नावाच्या खात्यावर जमा होत जाते आणि पुढच्या पोरांच्या खांद्यावर येते. आमच्याकडे पलटणीचं असंच असतं. माणसं बदलतात, पलटण तीच.

२ जून १९९९ ही तारीख परत एकदा वाचा. कारगिल ऐन भरात होतं. मी तेव्हा प्रबोधिनीत पहिल्या वर्षाला होतो. त्या उन्हाळ्यात आमच्या तोंडी नावं होती ती टोलोलिंगची, द्रासची, आणि पुढे जुलैत आमच्याच प्रबोधिनीचे कॅप्टन मनोज पांडे यांचं. मुंबईत एक विनाशिका नौदलात आली हे आमच्या नौदलाच्या कॅडेटांना सोडलं तर कुणाच्या ध्यानातही आलं नाही. त्या वेळी नौदलानं ‘ऑपरेशन तलवार’ हाती घेतलं होतं. पूर्वेकडची जहाजंसुद्धा अरबी समुद्रात आणून ताफे एकत्र केले होते. पावसाळा तोंडावर होता. अरबी समुद्र जून महिन्यात कसा असतो ते रत्नागिरी-मालवणच्या माणसाला सांगायला नको. तिथले मच्छीमार होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात, आणि आमचे कोर्समेट ज्या दलात जाणार होते ते दल तेव्हाच बाहेर पडलं होतं.

समुद्रावर एकही गोळी सुटली नाही. मग उपयोग काय झाला? उत्तर सोपं आहे. समोरच्याला आपलं तेल कुठल्या वाटेनं येतं ते माहीत होतं आणि त्या वाटेवर कोण उभं आहे तेही दिसत होतं. आमची माणसं डोंगर चढत होती तेव्हा युद्ध डोंगरापुरतंच राहिलं. त्याला अनेक कारणं होती आणि त्यांतलं एक कारण समुद्रात तरंगत होतं. त्याचा वाटा टक्क्यांत कुणी काढून देऊ शकणार नाही. पण टक्क्यांत मांडता येत नाही म्हणून शून्य धरायचं, हा कुठला हिशेब?

हा प्रकार मी जमिनीवर स्वतः अनुभवलाय. २००२ मध्ये नवा कोरा लेफ्टनंट म्हणून मी पलटणीत रुजू झालो तेव्हा पलटण ऑपरेशन पराक्रममध्ये सीमेवर होती. संसदेवरच्या हल्ल्यानंतर, डिसेंबर २००१ मध्ये सगळी फौज बाहेर पडली आणि ऑक्टोबर २००२ मध्ये परत फिरायचा निर्णय झाला. दहा महिने. उन्हाळा वाळूत काढला. लढाई झाली नाही. सुरुंग पेरताना आणि नंतर काढताना मात्र आमची माणसं गेली. त्यांच्या घरच्यांना कुणीतरी विचारलंच असणार, ‘युद्ध तर झालंच नाही, मग गेला कसा?’ या प्रश्नाला जवानाच्या बापानं काय उत्तर द्यायचं?

आता म्हैसूरच्या सेवापुस्तकातली आणखी दोन पानं. १३ डिसेंबर २००८. एडनच्या आखातात ‘एमव्ही गिबे’ या इथिओपियाच्या मालवाहू जहाजामागे चाचे लागले. त्यानं मदतीची हाक दिली. म्हैसूर जवळपास गस्तीवर होती. हेलिकॉप्टर उडालं, मरीन कमांडो उतरले आणि २३ चाचे पकडले गेले. त्यांत १२ सोमाली होते, ११ येमेनी. त्यांच्याकडे एके-४७ आणि रॉकेट लाँचर होते. गिबेवरचे लोक आपल्या वाटेनं गेले, आणि चाच्यांना येमेनच्या ताब्यात दिलं. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबरच्या हल्ल्याला तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. देशाचं लक्ष दुसरीकडे होतं. बातमी आली आणि गेली.

दुसरं पान २०११ मधलं, लिबियाचं. तिथे यादवी पेटली तेव्हा हजारो भारतीय कामगार अडकले होते. पंधरा हजारांहून अधिक माणसं परत आणली गेली, बहुतेक विमानांनी. तरीही म्हैसूर आणि जलाश्व ही जहाजं मुंबईहून सुएझमार्गे तिकडे पाठवली होती. का? कारण विमानतळ कधी बंद पडेल याचा नेम नसतो. बंदराजवळ आपलं जहाज उभं असेल तर माणसाला निदान एक दार उघडं असतं. घरी टीव्हीसमोर बसलेल्या आईला हे दार दिसत नाही, पण तिच्या मुलाला तिकडे दिसतं.

धाकट्या बहिणीचं पुस्तक याबाबतीत आणखी जाड आहे. २००६ मध्ये लेबनॉनमधून लोकांना आणणाऱ्या जहाजांत ‘मुंबई’ होती. आपल्या लोकांबरोबर श्रीलंका आणि नेपाळचे लोकही त्या जहाजांवर होते. २०१५ मध्ये येमेनमधून लोकांना काढताना ती परत एडनसमोर गेली. शहरात लढाई चालू होती. लहान बोटींतून माणसं जहाजावर आणावी लागली, आणि त्यांत भारतीयांबरोबर अनेक परक्या देशांचे नागरिक होते. सोळा क्षेपणास्त्रं घेऊन गेलेली विनाशिका बायकामुलांना आणि म्हाताऱ्यांना डेकवर बसवून परत आली. हे काम साधं प्रवासी जहाज का करू शकत नाही? कारण जिथे गोळीबार चालू असतो तिथे ज्याच्याकडे तोफ आहे त्यालाच थांबता येतं. तोफ डागावी लागली नाही, कारण ती होती.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. ‘साहेब, असं म्हणायचं ठरवलं तर बंदरात गंजत पडलेलं जहाजसुद्धा म्हणेल की माझ्या धाकानंच शांतता आहे. शांततेचं श्रेय घ्यायला कुणाचं काय जातं?’

खरं आहे. म्हणूनच न झालेल्या लढाईचं श्रेय फुकट द्यायचं नाही. माझ्याकडे त्याच्या तीन कसोट्या आहेत. पहिली, जहाज प्रत्यक्ष समुद्रात किती दिवस होतं? धक्क्याला बांधलेल्या जहाजाचा धाक धक्क्यापुरताच. दुसरी, हुकूम आला असता तर त्या घटकेला त्याला मारा करता आला असता का? म्हणजे दारूगोळा पुरा, यंत्रं चालू, माणसं शिकलेली, सराव ताजा. तिसरी, हे सगळं समोरच्याला ठाऊक होतं का? या तिन्हींत जे जहाज उतरतं त्यानं सेवा केली. एकातही जे नापास झालं, त्याच्या चकचकीत रंगाला आणि बँडला आपण भुलू नये.

आणि या कसोट्यांना उतरण्याची किंमत शांततेतही मोजावी लागते. १८ जानेवारी २०२२ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत ‘रणवीर’ या विनाशिकेवर आतल्या भागात स्फोट झाला आणि तीन नाविक गेले. समोर शत्रू नव्हता, युद्ध नव्हतं. त्याआधी, २०१४ मध्ये, माझगाव गोदीत तयार होत असलेल्या ‘कोलकाता’वर वायुगळती होऊन एका अधिकाऱ्याचा जीव गेला. जहाज अजून नौदलात यायचं होतं. लोकांना वाटतं, लढाई नसली की विनाशिकेवरचं काम म्हणजे पगारी सुटी. प्रत्यक्षात तिथे चार-चार तासांच्या पाळ्या अहोरात्र चालू असतात. इंजिनाच्या खोलीतला उकाडा, डोळे फुटेस्तोवर बघायचा रडारचा पडदा, आणि घरी बोलायला फोनही लागत नाही अशी कितीतरी दिवसांची सलगी. माझा एक कोर्समेट सांगतो, आमच्याकडे मुलगा ‘बाबा’ म्हणायला लागला ते बंदरात आल्यावर कळतं.

मग आपण चुकीचा हिशेब मागत राहिलो तर बिघडतं काय? दोन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे, खर्चाची गोष्ट निघाली की ‘न वापरलेल्या’ वस्तूवर आधी कात्री चालते. डागडुजी पुढे ढकला, सुटे भाग नंतर बघू, सरावाचा दारूगोळा कमी करा. मग जो धाक फुकटात मिळतोय असं वाटत होतं तो हळूहळू पोकळ होत जातो, आणि हे आपल्याला कळायच्या आत समोरच्याला कळतं. दुसरी गोष्ट जास्त धोक्याची. प्रत्येक वेळी ‘बुडवलं किती?’ असं विचारलं गेलं की कधीतरी कुणालातरी वाटेल, एखादं बुडवून दाखवावं. ते दाखवणं सोपं असतं. त्यानंतरचं थांबवणं सोपं नसतं. खुकरीचे १९४ आणि खैबरवरचे दोनशे विसरलेला समाजच इतक्या सहज आकडा मागू शकतो.

आपल्याला, मराठी माणसांना, हे नव्यानं शिकायची खरं तर गरज नाही. २०२३ मध्ये नौदल दिन मालवणला, सिंधुदुर्गाच्या साक्षीनं साजरा झाला. त्या किल्ल्याच्या तटावरून एकूण किती तोफा डागल्या गेल्या असं कुणी विचारतं का? महाराजांनी तो समुद्रात बांधला, आणि सिद्दी असो की फिरंगी, प्रत्येकाला त्या किनाऱ्यावर यायचं तर आधी त्याचा विचार करावा लागला. किल्ल्याचं काम तेच. तो उभा राहिला, जागता राहिला, तिथेच त्याची निम्मी लढाई जिंकलेली. विनाशिका हा चालता किल्ला आहे. जो न्याय आपण सिंधुदुर्गाला लावतो तो तिला लावायला काय हरकत आहे?

तर माझी सूचना साधी आहे. प्रत्येक युद्धनौकेचं एक सेवापुस्तक लोकांसाठी छापावं, गुपित सांभाळून, तिच्या हयातीतच. आज जहाज निवृत्त होतं तेव्हा सूर्यास्ताला निशाण उतरतं, वर्तमानपत्रात चार ओळी येतात, आणि पोलाद भंगारात जातं. व्हाइस ॲडमिरल हिरानंदानींनी नौदलाचा १९६५ ते २००० चा इतिहास तीन खंडांत लिहून ठेवला आहे आणि मेहनतीनं लिहिला आहे. पण तो इंग्रजीत, जाडजूड, आणि आमच्यासारख्यांच्या ग्रंथालयांत. ज्या माझगावच्या कामगारानं म्हैसूरचा पत्रा जोडला त्याच्या नातवाला वाचता येईल असं तिच्यावर मराठीत काय आहे? ज्या राज्याचा पक्षी ती घेऊन फिरते तिथल्या मुलाला कन्नडमध्ये काय आहे? चाळीस पानांचं पुस्तक पुरे. त्यात चार रकाने असावेत: समुद्रात काढलेले दिवस, वाचवलेली माणसं, सोबत करून सुखरूप पोचवलेली जहाजं आणि सेवेत गमावलेले आपले लोक. पाचवा रकाना बुडवलेल्या जहाजांचा. तो रिकामा असेल तर रिकामाच छापावा, खाली रेघ मारून, जसा हिशेबनीस मारतो.

अशी पुस्तकं त्या त्या गावच्या शाळांत आणि वाचनालयांत ठेवायची. म्हैसूरचं म्हैसुरात आणि इथे बंगळुरात, मुंबईचं मुंबईत, मुरगावचं गोव्यात. पुढच्या वेळी कुणी विचारलं की नौदलानं काय केलं, तर उत्तर द्यायला गणवेशातला माणूस शोधावा लागू नये. आठवीतल्या मुलीनं पुस्तक उघडून पाचव्या रकान्यावर बोट ठेवावं आणि सांगावं, ही रेघ कोरी ठेवायला साडेतीनशे माणसं पंचवीस वर्षं जागत होती.